ओठ न मिटता गायलेलं गाणं

(पडद्यावर गायकाचे ओठ, अगदी जवळून)

या ओठांकडे बघत राहा. कडव्यामागून कडवं सरतं, पण ते मिटताना क्वचितच दिसतात. चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत प, फ, ब, भ नाहीतच. म आहे, तोही मोजक्या शब्दांत.

गाणारा आहे अगलिसिगा मॅकी, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या केनवुडचा. हातात गिटार, गळ्यात जुन्या कंट्री गाण्यांचा बाज आणि शब्द सगळे चेरोकी. 2024 मध्ये त्याचा अल्बम आला, ‘नास्गिनो इनागे निदायुलेनंइ’. म्हणजे साधारण ‘त्याची सुरुवात रानातून झाली’. आपण ‘रानातून’ म्हणताना प्रत्यय रानाला जोडतो. चेरोकीत ‘तिथून’ हा भाव क्रियापदाच्या पोटात शिरतो. म्हणून क्रियापदं लांबतात आणि तीनच शब्दांत गाण्याची ओळ भरते.

(हाताने लिहिलेली लिपी)

चेरोकीची ही अक्षरं सेक्वोया नावाच्या चेरोकी माणसाने 1821 च्या सुमारास पूर्ण केली. आज 85 वापरात आहेत. ‘स’ सोडला तर प्रत्येक खूण म्हणजे एक पूर्ण अक्षर, स्वरासकट. अक्षरं मोजा, सूर मोजा, चाल बसते. निदान कागदावर तरी.

कारण लिपी आवाजाचा चढउतार दाखवत नाही, ऱ्हस्व-दीर्घही नाही. ‘अमा’ म्हणजे पाणी आणि ‘अमा’ म्हणजे मीठसुद्धा. लिहायला एकच, फरक फक्त उच्चारात. तालासाठी भलताच स्वर ताणला की पाण्याचं मीठ होऊ शकतं. इंग्रजी गाण्याची तयार चाल उचलून तिच्यात चेरोकी शब्द कोंबले, तर नेमकं हेच बिघडतं. आधी ओळ बोलून पाहायची आणि ती जिथे चढते तिथे सूर चढवायचा, हा सरळ मार्ग.

दुसरी अडचण शेवटच्या स्वराची. बोलताना तो बहुधा गिळला जातो. गाताना ठेवला तर एक मात्रा वाढते, टाकला तर ओळ मध्येच तुटल्यासारखी वाटते.

भूतकाळात तर गीतकाराला साक्षच द्यावी लागते. स्वतः अनुभवलेल्या गोष्टीचं क्रियापद ‘अंइ’वर संपतं, ऐकीव गोष्टीचं ‘एइ’वर. पणजोबांची गोष्ट गायची तर ‘एइ’. यमक जुळावं म्हणून इथे अदलाबदल करता येत नाही. (यमकापुरती एवढी शिस्त आपल्याकडेही चालली असती!)

(ओक्लाहोमातलं ताहलेक्वा, चेरोकींची राजधानी; रस्त्यांवरच्या चेरोकी पाट्या)

1838-39 मध्ये चेरोकी लोकांना पूर्वेकडच्या डोंगरांतून हुसकून इथे आणलं. वाटेत हजारो मेले. 2019 मध्ये जन्मापासून चेरोकी बोलणारे सुमारे दोन हजारच उरले होते, बहुतेक वयस्कर. त्याच वर्षी चेरोकींच्या तिन्ही स्वायत्त शासनांनी भाषेची आणीबाणी जाहीर केली.

(पुन्हा ओठ)

आता ‘अमा’ येईल. ओठ मिटतील. पाणी की मीठ, ते कानांनीच ठरवा.