इंडिकेटर देऊन पळणारा मुलगा

नमस्कार श्रोतेहो. आज पोलिसांच्या पाठलागाविषयी बोलायचं आहे. पळणाऱ्या गाडीच्या मागे कधी लागावं, कुठवर लागावं, ती थांबवायला किती जोर वापरावा, आणि पोलिसांच्या गाडीच्या काचेमागचा कॅमेरा यातलं किती सांगतो. विषय मोठा आहे, पण मला तो एका रात्रीवरून सांगायचा आहे. ती रात्र मी बऱ्याच वर्षांपूर्वी वाचली, आणि अजून डोक्यातून जात नाही.

२९ मार्च २००१. अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य, कोवेटा काउंटी. रात्रीची वेळ. हॅरिस नावाचा १९ वर्षांचा मुलगा गाडी चालवतोय. रस्त्याची मर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे आपले ८८ किलोमीटर. याचा वेग ७३ मैल, म्हणजे ११७ किलोमीटरच्या आसपास. पोलिसानं मागून दिवे लावले. दिवे लावले म्हणजे बाजूला घे, थांब. मुलगा थांबला नाही. त्यानं वेग वाढवला.

आता हे नीट ऐका, कारण मी ते पुन्हा सांगणार आहे. त्या पहिल्या पोलिसानं गाडीचा नंबर वायरलेसवर सांगून टाकला होता. नंबर पोलिसांकडे होता.

वायरलेस ऐकून आणखी गाड्या निघाल्या. त्यांतल्या एकीत डेप्युटी, म्हणजे काउंटीचा पोलीस, स्कॉट होता. दोनपदरी रस्ता, मध्ये दुभाजक नाही. मुलगा सिग्नल तोडतोय, पिवळी रेघ ओलांडून पुढच्या गाड्यांना मागे टाकतोय. मध्येच तो एका शॉपिंग सेंटरच्या आवारात शिरला. दुकानं बंद झालेली. पोलिसांनी घेरलं, तर स्कॉटच्या गाडीला घासून तो निसटला. पुन्हा रस्ता, पुन्हा वेग. सहा मिनिटं, जवळजवळ दहा मैल.

स्कॉटनं वायरलेसवर परवानगी मागितली. पळणाऱ्या गाडीला मागच्या कोपऱ्यावर ठराविक पद्धतीनं धक्का दिला की ती गर्रकन फिरते आणि थांबते. वरिष्ठांनी होकार दिला. पण त्या वेगात गिरकी देणं धोक्याचं, असं स्कॉटला वाटलं, म्हणून त्यानं सरळ मागून बंपर लावून ढकललं. मुलाची गाडी रस्ता सोडून उतारावरून खाली गेली आणि उलटली. मुलगा वाचला, पण मानेखाली लुळा झाला. चारही हातपाय गेले. पोलिसांना ठाऊक असलेला मूळ गुन्हा काय, तर वेगमर्यादा मोडली.

मुलानं खटला भरला. खालच्या न्यायालयांनी म्हटलं, ज्युरीला ठरवू द्या, पोलिसानं अति केलं की नाही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायाधीशांनी पोलिसांच्या गाडीतली चित्रफीत पाहिली आणि ३० एप्रिल २००७ रोजी निकाल दिला. आठ विरुद्ध एक, पोलिसाच्या बाजूनं. निकाल लिहिला न्यायमूर्ती अँटनिन स्कॅलिया यांनी. चित्रफीत इतकी स्पष्ट आहे की मुलाची बाजू कुणी शहाणा माणूस मान्य करणार नाही, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयानं ती चित्रफीत आपल्या संकेतस्थळावर टाकली, ज्याला बघायचंय त्यानं बघावं म्हणून.

विरोधात एकटे न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स. वय ८७. त्यांनीही तीच फीत पाहिली. त्यांना काय दिसलं? मुलगा समोरच्या लेनमध्ये जात होता तो फक्त पुढच्या गाडीला मागे टाकायला, फार तर पाच वेळा, आणि बहुतेक वेळा इंडिकेटर देऊन! एकदा तर समोरून गाड्या येताना दिसल्या, तेव्हा हा पळणारा मुलगा वेग कमी करून पुढच्या गाडीच्या मागेच राहिला, समोरच्या गाड्या जाऊ दिल्या, इंडिकेटर दिला आणि मगच पुढे गेला. रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्या बाजूला झाल्या होत्या, पण ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकूनही माणसं तशीच बाजूला होतात की.

स्टीव्हन्स यांनी आणखी एक गोष्ट लिहिली. आपले सहकारी दोनपदरी रस्त्यांच्या काळात गाडी शिकले असते, तर ही फीत पाहून इतके दचकले नसते. हे वाचलं तेव्हा मला जुना मुंबई–पुणे रस्ता आठवला. ज्यांनी खंडाळ्याच्या घाटात ट्रकच्या मागे अर्धा अर्धा तास काढलाय, डिपर देऊन, हॉर्न देऊन, समोरचं वळण डोळ्यात तेल घालून पाहून मग ओव्हरटेक केलंय, त्यांना हे समजावून सांगायला नको. आणि माझं स्पष्ट मत आहे, द्रुतगती मार्गावर शिकलेल्या कित्येकांना इंडिकेटर कशासाठी असतो हेच कुणी शिकवलेलं नाही. लायसन्सची परीक्षा दोनपदरी रस्त्यावर, अंधारात घ्यावी. असो.

मुद्दा असा, की कॅमेरा एकच. फीत एकच. आठ जणांना तिच्यात बेफाम पळणारा गुन्हेगार दिसला, एकाला घाबरलेला मुलगा. पुढे अभ्यासकांनी हीच फीत सुमारे १३५० अमेरिकनांना दाखवली. बहुतेकांचं मत न्यायालयासारखंच पडलं, पण काळ्या वर्णाच्या आणि कमी उत्पन्नाच्या लोकांमध्ये वेगळं मत जास्त निघालं. कॅमेरा हवाच, मी त्याच्या बाजूचा आहे. पण तो पोलिसांच्या गाडीत बसून बघतो, पोलिसाला दिसतं तेच बघतो. आणि धडक झाल्यावर तो उपयोगी पडतो, आधी नाही.

आधी उपयोगी पडतो तो नियम. अमेरिकेतले पोलीस विभाग आपापले नियम लिहितात, आणि त्यांच्याच क्षेत्रातल्या एका संशोधन संस्थेनं २०२३ मध्ये शिफारस केली, की गुन्हा हिंसक असेल आणि तो माणूस लगेच पुन्हा हिंसा करण्याचा धोका असेल, तरच पाठलाग करा. आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये, आणि त्याआधीच्या जुन्या कायद्यातही, हेच आहे: ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला पकडताना जीव घेण्याचा अधिकार पोलिसांना नाही.

न्यायालयाचं म्हणणं असं, की पाठलाग सोडला तर पळणाऱ्यांना बक्षीसच मिळेल. हा मुद्दा खोटा नाही, मला तो टोचतो. पण नंबर पोलिसांकडे होता, श्रोतेहो. पहिल्याच पोलिसानं सांगितला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जाऊन उभं राहता आलं असतं.

ती फीत कधी पाहिलीत, तर शेवटच्या धडकेची वाट बघत बसू नका. मधली ती जागा शोधा. समोरून दिवे येताहेत, मागे सायरन वाजतोय, आणि मुलगा वेग कमी करून पुढच्या गाडीच्या मागेच राहिलाय, समोरच्यांना जाऊ देत.

नमस्कार.