सॅक घेण्याआधी पाठीचे माप

नमस्कार. आपल्यापैकी बहुतेकांनी हरिश्चंद्रगड एकदा तरी पाहिलेला आहे, आणि ज्यांनी पाहिलेला नाही ते या पावसाळ्यानंतर जाणारच आहेत. त्यामुळे ट्रेक म्हणजे काय आणि त्यासाठी सॅक का लागते, इथपासून मी सुरुवात करत नाही. मंडळाने मला ‘सॅक कशी निवडावी’ हा विषय दिला आहे. त्यावर माझे एकच म्हणणे आहे आणि ते मी गेली अनेक वर्षे भेटेल त्याला सांगत आलो आहे. दुकानात गेल्यावर ‘किती लिटरची हवी?’ हा जो पहिला प्रश्न विचारला जातो, तो खरे तर दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न ‘तुमची पाठ किती लांब आहे?’ हा असायला हवा. नंबर विचारल्याशिवाय कोणी बूट काढून दाखवत नाही. पण बारा-चौदा किलोचे ओझे जिच्यावर दोन-तीन दिवस राहणार, त्या पाठीचे माप दुकानदार घेत नाही आणि आपणही त्याला ते घ्यायला सांगत नाही.

हे माझ्या मनात पक्के कसे बसले, ते आधी सांगतो. महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी शिकवण्यांच्या पैशांतून मी माझी पहिली मोठी सॅक घेतली. तोपर्यंत आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त जवानाचा कॅनव्हासचा पिठ्ठू मी मागून नेत असे. त्याला ना चौकट होती ना कमरेचा पट्टा, आणि पावसात भिजला की त्याचेच वजन दुप्पट वाटायचे. म्हणून नव्या सॅकचे अप्रूप फार होते. दुकानदाराने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले, ‘पाच फूट दहा इंच उंची आहे, तुम्हाला लार्जच लागणार’ असे सांगून वरच्या फळीवरून सत्तर लिटरची सॅक काढली, ती रिकामीच माझ्या पाठीवर चढवली, खांद्याचे पट्टे खेचले आणि मला आरशापुढे उभे केले. रिकामी सॅक कोणालाही छानच बसते. मी पैसे मोजले आणि आनंदाने घरी आलो.

त्याच डिसेंबरात आम्ही पाच जण रतनगड ते हरिश्चंद्रगड निघालो. कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत आणि तिथून पाचनईमार्गे वर, अशी ही वाट आपल्यातल्या अनेकांच्या पायांखालची आहे. निघताना वाण्याच्या काट्यावर माझी सॅक चौदा किलो भरली होती. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून चालायला सुरुवात केली तेव्हा काही जाणवले नाही, पण खिंडीचा चढ सुरू झाला आणि प्रत्येक पावलाला मांडी वर उचलली की ती कमरपट्ट्यावर आपटू लागली, कारण पट्टा कमरेवर नव्हताच. तो घसरून पार जांघेपर्यंत उतरला होता. मी तो वर ओढून आवळला की खांद्याचे पट्टे खांद्यापासून सुटून वर कमानीसारखे उभे राहत आणि सॅक मागे झुकून मला मागे खेचू लागे. शेवटी मी कमरेचे बकल काढूनच टाकले आणि सगळे ओझे खांद्यांवर घेतले.

कुमशेतला पोचेपर्यंत डाव्या हाताला मुंग्या येत होत्या. संध्याकाळी चूल पेटवायची पाळी माझी होती. मी काडेपेटी उघडली, आणि काडी चिमटीत धरताच येईना. अंगठा आणि तर्जनी दिसत होती, पण त्यांच्यामध्ये काडी आहे की नाही हे बोटांना कळत नव्हते. तीन काड्या खाली पडल्या, तेव्हा मित्राने काडेपेटी माझ्या हातातून घेतली. खांद्याजवळून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर पट्ट्याचा सतत दाब पडला की असे होते. वैद्यकशास्त्रात या दुखण्याला ‘रकसॅक पाल्सी’ असे नाव आहे, आणि जड ओझी वाहणाऱ्या सैनिकांमध्ये ते आढळत आले आहे. त्या वयात मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मी कच्चा आहे, मला सराव नाही, एवढेच मला वाटले. दुसऱ्या दिवशी माझा शिधा आणि टोप मित्रांनी वाटून घेतला. कोकणकड्यावरचा त्या दिवसाचा सूर्यास्त मला आठवत नाही. दोन्ही हात काखेत दाबून मी बसून होतो, एवढे आठवते.

घरी आल्यावर खांद्यांवरचे लाल पट्टे आईने पाहिले. आई ब्लाऊज शिवत असे, त्यामुळे ‘काय झाले’ हे विचारण्याआधी तिने ‘घालून दाखव’ असे म्हटले. मी सॅक चढवली. तिने मागे जाऊन पाहिले, मला पाठमोरा उभा करून गळ्यातली टेप काढली, मानेच्या मणक्यावर एक टोक धरले, कमरेच्या हाडापर्यंत खाली आणले आणि म्हणाली, ‘अरे, तुझी पाठ आखूड आहे, उंची सगळी पायांत गेलीय. तुझे सदरे मी नेहमी आखूडच बेतते.’ माझी पाठ साडेसोळा इंच भरली. मग तिने सॅक जमिनीवर पालथी घातली आणि खांद्याचे पट्टे जिथून निघतात तिथपासून कमरपट्ट्याच्या मध्यापर्यंत टेप लावली. ते अंतर वीस इंच होते. ‘साडेतीन इंच चुकलेला ब्लाऊज गिऱ्हाईक माझ्या अंगावर टाकून जाते,’ ती म्हणाली, ‘आणि तू हे पैसे मोजून घेऊन आलास.’

ती सॅक दुकानदाराने परत घेतली नाही आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण वापरलेली वस्तू कोण परत घेईल? माझी तक्रार वेगळी आहे आणि ती आजही कायम आहे. साखळीतल्या मोठ्या दुकानांतही भिंतभर सॅक टांगलेल्या असतात, पण तिथे माप घ्यायला टेप नसते आणि सॅकमध्ये भरून पाहायला दहा किलोचे वजन नसते. तंबू उभारून दाखवतात, बूट घालून उतारावर चालायला लावतात, आणि सॅक मात्र हवा भरलेल्या अवस्थेत विकतात. दहा किलो तांदूळ ठेवायला किती जागा लागते? हा प्रश्न मी अनेक दुकानांत विचारला आहे आणि तो आपण प्रत्येकाने विचारावा, असे मला मनापासून वाटते.

ओझे हाडांवर तोलायचे असते, स्नायूंवर नाही, हे आपल्या खेड्यांतल्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी अशी बाई चालते तेव्हा ते पाणी तिच्या मणक्यांच्या सरळ रेषेवर उभे असते, आणि म्हणूनच ती एक हात मोकळा सोडून पायवाटेने बोलत येते. आपल्याला शिडीवर आणि कातळावर दोन्ही हात लागतात, त्यामुळे डोके उपयोगाचे नाही; मग शरीरात ओझे पेलायला उरते ते कमरेचे हाड, आणि तिथून वजन सरळ पायांत उतरते. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या सुमारे पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ लाकडी चौकट मिळाली, ती वाकवलेल्या हेझलच्या काठीची होती आणि ती पाठीवरच्या ओझ्याची असावी असे मानतात. म्हणजे चौकट फार जुनी आहे, पण कमरेचा पट्टा रूढ व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डिक केल्टी यांनी १९५२ साली ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकायला सुरुवात केली. डोंगरात चालताना चौकटीची खालची टोके पँटच्या मागच्या खिशांत खोचली आणि खांदे एकदम हलके झाले, त्यातून पट्ट्याची कल्पना निघाली, असे सांगतात. त्या सॅकच्या पिशव्या त्यांच्या पत्नी नीना घरी शिवत असत, हे वाचले तेव्हा मला आईची टेप आठवली. पुढे १९६७ मध्ये ग्रेग लो यांनी चौकट सॅकच्या आत नेली आणि आज आपण वापरतो त्या सॅकचे रूप तयार झाले.

आता सर्वांनी मान पुढे झुकवा आणि मानेच्या तळाशी बोट फिरवा. सर्वांत पुढे आलेला जो उंचवटा लागतो तो मानेचा सातवा मणका. आता दोन्ही हात कमरेवर ठेवा, असे की तळहाताची कड कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकेल आणि अंगठे मागे वळतील. दोन अंगठ्यांना जोडणारी जी आडवी रेघ, तिथपासून त्या मणक्यापर्यंत पाठीच्या वळणाला धरून टेप लावायची. हीच तुमच्या पाठीची लांबी. स्वतःची स्वतःला घेता येत नाही, दुसऱ्याने घ्यावी लागते. शेजाऱ्याकडे पाहून हसू नका, त्याचीही तुम्हालाच घ्यायची आहे. बहुतेक प्रौढांचे माप अडतीस ते त्रेपन्न सेंटिमीटरांच्या मध्ये भरते, आणि उंचीवरून त्याचा अंदाज बांधता येत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि ज्या गोष्टीसाठी मला बोलावले ती अजून बाकीच आहे, तेव्हा आता भराभर सांगतो.

सॅकवर स्मॉल, मीडियम, लार्ज लिहिलेले असते ते पाठीच्या मापाचे आहे की नाही, हे निर्मात्याच्या तक्त्यावर पाहावे. एकच माप असेल तर खांद्याचे पट्टे वरखाली सरकवता येणारी सॅक घ्यावी, आणि वाढत्या वयाच्या मुलांसाठी तर दुसरे काही घेऊच नये. सॅकमध्ये दहा-बारा किलो भरून, सगळे पट्टे सैल करून ती चढवावी. आधी कमरपट्टा आवळावा, त्याची गादी कमरेच्या हाडाच्या कडेवर मधोमध बसली पाहिजे. मग खांद्याचे पट्टे अंगाला लागतील एवढेच ओढावेत. खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे बारीक पट्टे, ज्यांना लोड लिफ्टर म्हणतात, ते साधारण पंचेचाळीस अंशांत तिरके राहिले तर माप बरोबर आहे. ते आडवे पडले तर पाठीच्या मानाने सॅक आखूड आहे. छातीचा पट्टा शेवटी, गळ्याच्या हाडाखाली तीन बोटांवर आणि श्वास मोकळा राहील इतपतच. हे सगळे जमले की तीन-चतुर्थांशाच्या आसपास वजन कमरेवर येते. मग दुकानाचा जिना पंधरा मिनिटे चढा-उतरा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

स्त्रियांसाठी बेतलेल्या सॅकची पाठ आखूड असते, खांद्याचे पट्टे छातीला वळसा घालतात आणि कमरपट्टा तिरका कापलेला असतो. अंगाने बारीक आणि आखूड पाठीच्या पुरुषालाही ती उत्तम बसू शकते. रंग पाहून ती नाकारू नये.

लिटर हा प्रश्न आता येतो. एका दिवसाच्या गडाला वीस ते तीस, सह्याद्रीत एक-दोन मुक्कामांना चाळीस ते पन्नास आणि हिमालयात आपले सामान आपणच वाहणार असू तर साठ ते सत्तर. मोठी सॅक घेतली की ती भरली जातेच. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझे नको, म्हणजे साठ किलोच्या माणसाला बारा किलो, आणि त्यात रिकाम्या सॅकचे दीड-दोन किलो धरायचे.

पाठीशी ताणलेली जाळी असलेली सॅक घाम सुकवते, पण वजन अंगापासून लांब नेते. कातळावरच्या आडव्या वाटेवर मला ती आवडत नाही. खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकरला चढताना कॅरीमॅट, म्हणजे झोपायला अंथरायची गुंडाळी, बाहेर आडवी बांधलेली असेल तर ती शिडीच्या बाजूंना अडकते, म्हणून आपल्याला अरुंद आणि उंच सॅक बरी. जड सामान पाठीला लागून मधल्या भागात, स्लीपिंग बॅग तळाशी. पावसाळी कव्हर पाठीकडून येणारे पाणी थांबवत नाही, उलट तळाशी ते साठवते. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी हवीच. आणि घरी आल्यावर सॅक पंख्याखाली वाळवून उघडी टांगा, कारण दमट हवेत कोंडलेल्या सॅकचा आतला थर चिकट होऊन सोलून निघतो.

वेळ संपली. मागच्या टेबलावर दोन-तीन मापांच्या सॅक आणि तांदळाच्या पाच-पाच किलोंच्या चार पिशव्या ठेवल्या आहेत. ज्यांनी आपल्या जुन्या सॅक आणल्या आहेत त्यांनी त्या आधी पुढे आणाव्यात, आपण त्यांचेही माप घेऊ. टेप आईचीच आहे. सुरुवातीचे दोन आकडे पुसले गेले आहेत, पण पुढचे सगळे वाचता येतात.