मधल्या गाडीत मोठं इंजिन

[दृश्य : अंधारं गॅरेज. बॉनेट उघडं. इंजिन नुसतं सुरू आहे, रेस दिलेली नाही.]

जरा नीट ऐका. हा 1960च्या दशकातल्या अमेरिकी मसल कारचा, म्हणजे मोठ्या गाडीचं इंजिन घातलेल्या मध्यम आकाराच्या गाडीचा आवाज. ही सरळ धकधक नाही. एक ठोका घाईने येतो, पुढचा रेंगाळतो, मग पुन्हा दोन जवळजवळ पडतात. लोकांना वाटतं ही सायलेन्सरची करामत, पण ती लय क्रँकशाफ्टमध्येच, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यातच, घडवलेली आहे. शेवरलेच्या व्ही-एटमध्ये, म्हणजे चार-चारच्या दोन रांगांत बसवलेल्या आठ सिलिंडरांच्या इंजिनात, ठिणगीचा क्रम 1-8-4-3-6-5-7-2 असा असतो. विषम आकड्यांची चार सिलिंडरं डावीकडे, सम आकड्यांची उजवीकडे. क्रँक दर 90 अंश फिरला की एक ठिणगी पडते, म्हणजे अख्खं इंजिन समान लयीतच चालतं. आता फक्त उजवी बाजू मोजा. 8 च्या पाठोपाठ लगेच 4, थोडं थांबून 6, बऱ्याच वेळाने 2. मधली अंतरं 90, 180, 270 आणि पुन्हा 180 अंश. दोन्ही बाजूंचा धूर वेगवेगळ्या पाइपांतून बाहेर पडला की ही विषम लय उघडी होते. दोन्ही पाइप मध्ये आडव्या पाइपने जोडले, तर ती थोडी मवाळ होते.

[दृश्य : 1964ची काळी पॉन्टिअ‍ॅक जीटीओ, समोरून.]

जानेवारी 1963 मध्ये जनरल मोटर्सने पॉन्टिअ‍ॅकसह आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींपासून दूर राहायला सांगितलं. पॉन्टिअ‍ॅकचं नाव तर शर्यतींवरच उभं होतं. त्याच सुमारास जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या पॉन्टिअ‍ॅकच्या इंजिनिअरांसमोर टेम्पेस्ट ही मध्यम आकाराची नवी गाडी होती. तिच्यात 326 क्युबिक इंचांचं व्ही-एट बसायचं. मोठ्या पॉन्टिअ‍ॅकमध्ये 389 क्युबिक इंचांचं, म्हणजे जवळपास 6.4 लिटरचं इंजिन असे. या दोन्ही इंजिनांचा बाहेरचा आकार आणि माउंटिंग सारखंच. एक काढा, दुसरं ठेवा, बोल्ट आवळा. मसल कारचा जन्म या सोयीतून झाला.

अडचण यंत्राची नव्हती, नियमाची होती. मध्यम गाडीत 330 क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन नको, हा कंपनीचा दंडक. पण नव्या मॉडेलला वरून मंजुरी लागे. ग्राहकाने निवडायच्या जादा पर्यायांच्या यादीला तशी लागत नसे. म्हणून जीटीओ हे मॉडेल म्हणून आलंच नाही. 1964च्या लेमान्सवर, म्हणजे टेम्पेस्टच्याच महागड्या रूपावर, सुमारे 296 डॉलर जास्त देऊन घ्यायचं ते एक पॅकेज होतं. चार बॅरलच्या (हवा आत घेणाऱ्या नळ्यांच्या) एका कार्ब्युरेटरवर, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागावर, 325 अश्वशक्ती; आणखी पैसे मोजून ट्राय-पॉवर घेतलं, म्हणजे दोन बॅरलचे तीन कार्ब्युरेटर, तर 348. रोजच्या चालीत मधला एकटाच काम करतो. पाय खोल दाबला की पुढचा-मागचा उघडतो, आणि गाडी एकदम पुढे झेपावते. सुरुवातीला 5,000 गाड्यांचीच परवानगी मिळाली होती. पहिल्या वर्षी विकल्या गेल्या 32,450.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा. एप्रिल 1964 मध्ये आलेल्या फोर्ड मस्टँगला आपल्याकडे सरसकट मसल कार म्हटलं जातं. साधी सहा सिलिंडरची मस्टँग मसल कार नव्हे. मध्यम गाडी, मोठ्या गाडीचं इंजिन आणि तरुण नोकरदाराला झेपेल अशी किंमत, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच ते नाव शोभतं. 1968ची प्लिमथ रोड रनर याचं सर्वांत प्रामाणिक उदाहरण. किंमत 2,896 डॉलरपासून पुढे. जमिनीवर गालिच्याऐवजी रबर, पुढे सलग बाक. पैसा ओतला तो 383 क्युबिक इंचांच्या इंजिनात : हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कंपनीच्याच 440 क्युबिक इंचांच्या इंजिनातून घेतले, शक्ती 335. सोबत चार गिअर, जादा पैसे न घेता. ज्याला त्याहून जास्त हवं, त्याने 714 डॉलर मोजून 426 हेमी घ्यायची.

हेमी म्हणजे अर्धगोलाकार ज्वलनकक्ष. व्हॉल्व्ह समोरासमोर तिरके बसतात, म्हणून ते मोठे करता येतात आणि हवा सरळ आत-बाहेर वाहते. फेब्रुवारी 1964 मध्ये डेटोना 500 शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक हेमीवाल्या प्लिमथनी घेतले, पहिला रिचर्ड पेटी. रस्त्यावरची हेमी 1966 मध्ये आली, 425 अश्वशक्तीची. तिचे स्पार्क प्लग व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध नळ्यांतून खाली जातात. त्या नळ्यांची सील कडक झाली की तेल प्लगवर साचतं आणि इंजिन मिस मारतं.

[दृश्य : मागचं चाक, संथ गतीत. टायर धूर सोडतो, मग उड्या मारू लागतो.]

इंजिन वाढलं. बाकीची गाडी मात्र होती तिथेच राहिली. पहिल्या जीटीओला चारही चाकांवर साडेनऊ इंचांचे ड्रम ब्रेक, आणि गाडी दीड टनाच्या आसपास. वेगातून एकदा जोरात थांबवलं तर चालतं. लगोलग दुसऱ्यांदा थांबवलं की तापलेला ड्रम फुगून शूपासून, म्हणजे त्याला आतून दाबणाऱ्या पट्ट्यांपासून, लांब जातो, त्यांवरच्या लायनिंगची पकड सुटते, पेडल खाली खाली जातं. पुढे डिस्क ब्रेक घेण्याची सोय 1967 मध्ये आली.

आता ही मागच्या चाकाची उडी. 1967च्या शेवरले कॅमॅरोला मागे एकपानी पाटा, म्हणजे एकाच पोलादी पट्टीची स्प्रिंग, होता. क्लच सोडला की टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, अ‍ॅक्सललाच पिळतो, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. टायरची पकड सुटते, पाटा झटक्यात सरळ होतो, पकड परत बसते, पाटा पुन्हा वाकतो. सेकंदात कैक वेळा. यात युनिव्हर्सल जॉइंट नाही तर अ‍ॅक्सल शाफ्ट तुटतो. 1968 मध्ये शेवरलेने एक शॉक अब्सॉर्बर अ‍ॅक्सलच्या पुढे, दुसरा मागे लावला आणि ताकदीच्या गाड्यांना अनेक पानांचे पाटे दिले. उपाय साधा आहे, आणि मला तो त्या काळातल्या सर्वांत हुशार बदलांपैकी एक वाटतो.

1970 मध्ये मध्यम गाडीवरची मर्यादा जनरल मोटर्सने उठवली. शेवरलेच्या मध्यम आकाराच्या शेवेल एसएसमध्ये 454 क्युबिक इंचांचं एलएस-6 आलं : 450 अश्वशक्ती, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, 11.25 ला 1. शिखर ते हेच. पुढच्याच वर्षी शिसं नसलेल्या पेट्रोलची तयारी म्हणून 454 चं कॉम्प्रेशन साडेआठवर आलं. मोजमापही बदललं. आधी इंजिन स्टँडवर ठेवून, गाडीतला सायलेन्सर वगैरे न जोडता शक्ती मोजत. आता सगळं जोडून मोजू लागले. 1971च्या एलएस-5 चे, म्हणजे 454 च्याच दुसऱ्या रूपाचे, जुन्या पद्धतीने 365, नव्याने 285. इंजिन तेच, आकडा 80 ने खाली. विम्याचे हप्ते आधीच चढले होते, प्रदूषणाचे नियम आले, ऑक्टोबर 1973 मध्ये तेलबंदी झाली. 1974ची जीटीओ पॉन्टिअ‍ॅकच्याच छोट्या व्हेंच्युरावरचं पॅकेज होती, 350 क्युबिक इंचांची. मग नाव थांबलं.

[दृश्य : वर्कबेंच. कॅमशाफ्ट, लिफ्टर, ग्रीसचा डबा.]

आज ही इंजिनं उघडणाऱ्याने चार गोष्टी सांभाळाव्यात. लोखंडी हेड आणि पंपावरचं पेट्रोल असेल तर कॉम्प्रेशन 9.5 च्या आसपास ठेवा. त्याहून वर नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं अवेळी पेटणं, पिस्टन फोडतं. जुन्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या सीटला सांभाळत असे, म्हणून हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. सपाट लिफ्टरचा (कॅमवर घासत व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाचा) नवा कॅम पहिल्यांदा सुरू करताना मंद चालवू नका. कॅमच्या उंचवट्यांना तेल मिळतं ते क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून, आणि मंद चालीत ते पुरत नाही. आरपीएम 2,000 ते 2,500 ठेवून वीस-तीस मिनिटं चालवा, झिंक भरपूर असलेलं तेल वापरा. घाईत हे टाळलं तर उंचवटा घासून गोल होतो आणि लोखंडाचा चुरा थेट बेअरिंगमध्ये जातो. डेल्कोच्या डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाला, एक खिडकी असते. पॉइंटचा ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहतात तो कोन, इंजिन चालू ठेवूनच षट्कोनी किल्लीने 30 अंशांवर आणता येतो. अशी सोय देणाऱ्याला मेकॅनिकची कदर होती.

विकत घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. 1964 आणि 1965च्या जीटीओच्या गाडी-क्रमांकात जीटीओची खूणच नाही. तो 1966 पासून 242 ने सुरू होतो. त्यामुळे साध्या लेमान्सवर जीटीओची अक्षरं चढवणं फार सोपं. आधी कारखान्याच्या मूळ बिलाची नोंद मागा. मग इंजिनाच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडखालचा कोड वाचा : 1964 मध्ये हाताच्या गिअरला ट्राय-पॉवर असेल तर 76-एक्स, एकच कार्ब्युरेटर असेल तर 78-एक्स.

[दृश्य : टॉर्चचा उजेड ब्लॉकच्या मागच्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरजवळ.]

आणि शेवटी ही ओतकामाची तारीख. बी-124 : बी म्हणजे फेब्रुवारी, 12 तारीख, साल 64. गाडी जानेवारी 1964 मध्ये बाहेर पडल्याचं कागद सांगत असेल, तर हे इंजिन तिच्यासोबत कारखान्यातून आलेलं नाही.