एक आगबोट आणि व्यापाऱ्यांचे चेंबर

श्रोतेहो, नमस्कार. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स ही व्यापाऱ्यांची संस्था १९२७ साली मुंबईत स्थापन झाली. तिचे संस्थापक वालचंद हिराचंद मात्र आपल्या सोलापूरचे, १८८२ साली येथेच जन्मलेले. मुंबईत युरोपीय व्यापाऱ्यांचे बॉम्बे चेंबर १८३६ पासून होते, भारतीय व्यापाऱ्यांचे इंडियन मर्चंट्स चेंबर १९०७ पासून होते. मग आणखी एक कशाला? याचे उत्तर एका आगबोटीच्या हकिकतीत सापडते.

पहिले महायुद्ध संपल्यावर दिल्लीहून मुंबईला परतताना वालचंदांना आगगाडीतल्या एका सहप्रवाशाकडून कळले, की ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी युद्धात रुग्णालयासाठी दिलेली ‘लॉयल्टी’ ही बोट विक्रीस आहे. बार्शी लाइट रेल्वेच्या ठेक्यावर पुढे आलेल्या या माणसाला समुद्राचा अनुभव नव्हता. तरीही त्यांनी भागीदार गाठले. त्यांतले नरोत्तम मोरारजी कोण, तर ज्या मोरारजी गोकुळदासांनी १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी काढली, आपली ‘जुनी गिरणी’, त्यांचे चिरंजीव! वालचंदांच्या नावाच्या महाविद्यालयात शिकलेल्या मुलांनाही ही हकिकत ठाऊक नसते, याचे मला वाईट वाटते. निदान प्रवेशाच्या दिवशी तरी ती सांगावी. बोट विकत घेऊन या भागीदारांनी जहाज कंपनी काढली. बोट शिंद्यांची, म्हणून कंपनीचे नाव ‘सिंदिया’ ठेवले गेले आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. तो ५ एप्रिल आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. पुन्हा सांगतो, ५ एप्रिल.

पुढे ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाडे इतके पाडले, की नव्या कंपनीला तग धरणे कठीण झाले, आणि १९२३ साली जहाजांच्या वाढीवर दहा वर्षे मर्यादा घालणारा करार तिला या ब्रिटिश कंपन्यांचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांच्याशी करावा लागला. स्वस्त भाड्याला भुलणारे व्यापारी तेव्हाही होते, आजही आहेत.

भाडे जहाजाचे असो वा रेल्वेचे, दर ठरवणाऱ्यासमोर एकट्या आडत्याचा अर्ज टिकत नाही, आणि मुंबईच्या संस्थांत जिल्ह्याच्या व्यापाऱ्याचे गाऱ्हाणे मागेच राहते. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्यापाऱ्यांचे म्हणणे सरकारपुढे एकत्र मांडण्यासाठी हे चेंबर उभे राहिले. आता त्याच्या नावात उद्योग आणि शेती हेही शब्द आले आहेत, आणि ज्वारीच्या या जिल्ह्यात ते उशिरा आले असेच मी म्हणेन.