ऑक्सिमीटर ९६ दाखवतोय, तरी दम लागतोय

बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९६ दाखवतोय, म्हणजे रक्तात ऑक्सिजन पुरेसा आहे, आणि माणूस मात्र उशीला टेकून बसलाय, खांदे वरखाली होतायत, अर्धं वाक्य बोलून थांबतोय. घरचे म्हणणार, ऑक्सिजन लावा. साहजिक आहे, दुसरं सुचणार तरी काय.

२०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने नेमकं हेच तपासलं. ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि ब्रिटनमधले २३९ पेशंट, आजार असा की बरा होणार नाही, सगळ्यांना दम लागतोय पण रक्तातला ऑक्सिजन फार खाली गेलेला नाही. निम्म्यांना नाकातल्या नळीतून ऑक्सिजन दिला आणि निम्म्यांना तसल्याच मशीनमधून साधी हवा, सात दिवस, आणि कुणाच्या नळीत काय आहे ते पेशंटलाही माहीत नाही. निकाल काय, तर दोन्हीकडे थोडं बरं वाटलं, आणि जवळपास सारखंच! म्हणजे नाकाशी लागणारी हवाच काम करत असेल का, अशी शंका येणारच ना.

त्याच वर्षी हातात धरायच्या छोट्या पंख्याचाही अभ्यास आला. ५० जण, पाच मिनिटं पंखा चेहऱ्यावर, पाच मिनिटं पायावर. चेहऱ्यावर धरला की धाप कमी वाटायची, पायावर तसं नाही. गाल, नाक, ओठ इथे ट्रायजेमिनल नावाची संवेदनेची नस पसरलेली असते, तिला गार झुळूक लागली की जीव कोंडल्यासारखं वाटणं ओसरतं असं मानतात. फुप्फुस आहे तेवढंच आजारी असतं, बरं का.

औषधांचं मात्र जमलेलं नाही. २०२२ मध्ये सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराच्या, १५६ पेशंटवर कमी डोसचं मॉर्फिन, म्हणजे दुखण्यावरचं कडक औषध, देऊन पाहिलं, आठवड्याने धापेत फरक नाही. २०२४ मध्ये मिर्टाझपिन, म्हणजे डिप्रेशनची गोळी, तिचाही उपयोग नाही, उलट साइड इफेक्ट जास्त. मला तर असे 'नाही' निघालेले अभ्यासच जास्त कामाचे वाटतात, आधीच थकलेल्या माणसाची एक गोळी तरी वाचते.

आता हे बघून घरातलं मशीन बंद करायला जाऊ नका. ज्यांचा ऑक्सिजन खरंच कमी आहे त्यांना तो लागतोच, आणि कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिन आजही मुख्य औषध आहे, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. पंखा मात्र आजच धरता येईल, चेहऱ्यापासून वीतभर लांब, माणसाला थोडं पुढे झुकून बसवा आणि कोपरं टेबलावर टेकू द्या.