मिठाच्या पाण्यात साखर कशाला?

येताना औषधाच्या दुकानातून हे ओआरएसचं पाकीट घेतलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असं एखादं असेल, औषधांच्या डब्यात तळाशी, मुदत उलटून गेलेलं. मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचते. एक लिटर पाण्यासाठी सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, म्हणजे आपलं मीठ. पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम.

जुलाबात अंगातलं पाणी आणि क्षार जातात, तेव्हा ते परत द्यायचे, हे कुणालाही पटेल. पण मग सगळ्यात जास्त वजन साखरेचं का? मघाशी चहाच्या वेळी मी दोघातिघांना विचारलं. एक काका म्हणाले, चवीसाठी. समोर बसलेल्या आजी म्हणाल्या, माणूस गळून जातो, जरा तरतरी यावी म्हणून. आजी, १३.५ ग्रॅममधून पन्नासेक कॅलरी मिळतात. एका पोळीत याहून जास्त असतात. आणि चवीचं म्हणाल, तर ज्यांनी हे प्यायलंय त्यांचे चेहरे आठवा.

खरं उत्तर आतड्याच्या पेशीच्या पटलात आहे. आजचं व्याख्यान त्या एका पटलाबद्दल आणि त्यातल्या दोन दारांबद्दल.

शाळेत आपण सगळ्यांनी ‘निवडक्षम पारपटल’, म्हणजे निवडून आतबाहेर सोडणारा पेशीचा पडदा, हा शब्द पाठ केला, दोन गुण मिळवले आणि विसरलो. हे पटल साधारण ७ नॅनोमीटर जाड असतं. अशी दहा हजार पटलं एकावर एक रचली तर आपल्या केसाएवढी जाडी होईल. ते बनतं मुख्यतः स्निग्ध रेणूंच्या दोन थरांनी. हे कळलं १९२५ साली, नेदरलँड्समधल्या लायडनला. गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींमधली चरबी काढून पाण्यावर पसरली. तिनं व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली, म्हणजे थर दोन. गंमत अशी की त्यांच्या हातून चुकाही दोन झाल्या होत्या. चरबी पूर्ण निघाली नव्हती, आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी मोजलं गेलं होतं. दोन चुका एकमेकींना कापून गेल्या आणि उत्तर बरोबर आलं. परीक्षेत आपल्या नशिबी असं कधी येत नाही.

तर हा तेलाचा पडदा. विद्युतभार असलेलं सोडियम त्यातून जात नाही, साखरही आपणहून जात नाही. त्यांच्यासाठी पडद्यात प्रथिनांची दारं बसवलेली असतात, प्रत्येकाचं दार वेगळं. पाण्यासाठीसुद्धा अनेक पेशींत खास मार्गिका आहेत. पीटर अॅग्री यांनी त्या १९९२ साली ओळखल्या. एकेका मार्गिकेतून सेकंदाला अब्जावधी रेणू जातात.

पाणी मात्र कुठल्या दिशेला जाणार हे ते स्वतः ठरवत नाही. कैरीच्या फोडींना मीठ लावून पातेलं झाकून ठेवा. तासाभरानं झाकण काढलं की फोडी आक्रसलेल्या आणि तळाशी पाणी. कुणी पिळलं? मीठ बाहेर होतं, पाणी त्याच्याकडे गेलं. शरीराकडे पाणी ढकलणारा पंप नाही. पाणी इकडून तिकडे न्यायचं असेल तर ते मीठ हलवतं, पाणी मागोमाग येतं. एवढं एक ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

मीठ हलवणारा पंप मात्र आहे. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना तो शोधला आणि १९५७ साली प्रसिद्ध केला. नोबेल मिळालं १९९७ साली, चाळीस वर्षांनी. हा पंप एका फेरीत तीन सोडियम बाहेर काढतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्चतो. आतड्याच्या पेशीत तो फक्त मागच्या, म्हणजे रक्ताच्या बाजूला बसवलेला असतो. त्यामुळे पेशीतलं सोडियम सतत मागच्या दारानं बाहेर जातं, आत कायम तूट राहते, आणि पुढच्या बाजूला, आतड्याच्या पोकळीतलं सोडियम आत घुसायला टपलेलं असतं.

या पुढच्या बाजूला आपलं पहिलं दार आहे. त्याचं नाव एसजीएलटी-१. सत्यनारायणाच्या पूजेला जोडीनं बसतात ना, तसा याचा नियम आहे. ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन, सगळे जागेवर आले की दार फिरतं आणि त्यांना आत सोडतं. एकट्यादुकट्याचं काम नाही. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० साली प्रागच्या एका परिषदेत मांडली. त्यांचा प्रश्न होता साखर कशी शोषली जाते, एवढाच. जुलाबाचा विचार त्यात नव्हता.

आता दुसरं दार. त्यासाठी पटकीकडे यावं लागेल. पटकी म्हणजे कॉलरा. हा शब्द आता शिवीतच उरलाय, पण आपल्या पणजोबांच्या काळात पंढरीच्या वाटेवर पटकीची साथ लागायची, माणूस सकाळी चालता असायचा आणि संध्याकाळी नसायचा. गावोगावी मरीआईचा गाडा निघायचा आणि गावकरी तो शिवेपार नेऊन सोडायचे. रोग ढकलला शेजारच्या गावावर.

जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख १८८३च्या अखेरीस कलकत्त्यात आले आणि १८८४ साली पटकीचा जिवाणू त्यांनी पक्का केला. तो विष सोडत असावा असं त्यांना वाटत होतं. ते विष दाखवायला पंचाहत्तर वर्षं गेली, आणि दाखवलं ते त्याच शहरात शंभुनाथ डे यांनी. सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्यानं बांधायचा, की झाली छोटी बंद पिशवी. तिच्यात जिवाणू वाढवलेलं पण गाळून जिवाणूमुक्त केलेलं पाणी टोचायचं. पिशवी टम्म फुगली. म्हणजे जिवाणू हजर नसतानाही काम होतंय. १९५९ साली हे ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. साधनं काय, तर दोरा, सुई, गाळणी आणि ससा.

पुढे रुग्णांच्या आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर अस्तर शाबूत. तोवर समजूत होती की अस्तर सोलून निघतं. पेशी धडधाकट आहेत, फक्त चुकीचा हुकूम पाळताहेत.

हा हुकूम कसा जातो? एरवी शरीरातलं एखादं संप्रेरक पेशीच्या पटलावर येऊन बेल वाजवतं. ते स्वतः आत जात नाही. पटलाच्या आतल्या अंगाला जी-प्रथिन नावाचा निरोप्या असतो. तो जागा होतो, शेजारच्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, उठवतो, आणि ते विकर पेशीत सायक्लिक एएमपीचे रेणू पसरवतं. त्यांच्या निरोपावरून सीएफटीआर नावाचं क्लोराइडचं दार उघडतं. हे आपलं दुसरं दार. थोडं क्लोराइड पोकळीत जातं, सोडियम त्याच्यामागे, पाणी दोघांच्या मागे, आणि आतडं ओलं राहतं. मग जी-प्रथिन आपलं आपण झोपी जातं. बेल वाजून थांबते.

पटकीच्या विषाचे पाच भाग पटलावरच्या एका स्निग्ध रेणूला घट्ट धरतात आणि सहावा भाग आत शिरतो. आत गेल्यावर तो जी-प्रथिनाला एक रासायनिक गाठ मारतो. प्रथिन जागं होतं, पण परत झोपू शकत नाही. बेलचं बटण आत रुतून बसावं तसं. सीएफटीआर उघडं ते उघडंच. तासाला लिटरभरसुद्धा पाणी जाऊ शकतं, तांदळाच्या धुवणासारखं. सीएफटीआर ज्या निरोपावर उघडतं, त्याच निरोपावर मीठ शोषून घेणारी नेहमीची दारं बंद होतात. म्हणून नुसतं मीठपाणी पाजलं तर ते आलं तसं निघून जातं.

पण एसजीएलटी-१ हा निरोप ऐकत नाही! पटकीच्या ऐन भरातही ते आपल्या नियमानं फिरत असतं. त्याला फक्त जोडी लागते. सोडियम तिथे आहेच, साखर द्या. साखर सोडियमला घेऊन आत जाते, पाणी मागून जातं. आजी, पाकिटातल्या साखरेचं काम हे. विषानं उघडलेलं दार आपण बंद करत नाही. ते वाहू द्यायचं आणि शेजारच्या दारानं त्याहून जास्त भरत राहायचं. म्हणून ओआरएस सुरू केल्यावर जुलाब लगेच थांबत नाहीत, आणि थांबले नाहीत म्हणून लोक ते बंद करतात. तिथे घात होतो.

कलकत्त्यात हेमेंद्रनाथ चटर्जींनी १९५३ सालीच तोंडावाटे उपचार करून पाहिले होते. १९६८ साली ढाक्यात नलिन आणि कॅश या अमेरिकन डॉक्टरांनी ग्लुकोज-मिठाच्या पाण्याची रीतसर चाचणी केली. तरी बहुतेक डॉक्टरांचा भरवसा शिरेतून द्यायच्या सलाइनवरच. मग १९७१ आलं. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे सीमेवरच्या बनगावला पोचले, छावणीत पटकी पसरली, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण पाण्यात कालवून दिलं. पाजायला डॉक्टर नव्हते, नर्स नव्हत्या. आया, भाऊ, नवरे पाजत होते. आधी शंभरातले तीसेक दगावत होते, ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. महालनबीस २०२२ साली गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळालं. डे तर १९८५ सालीच गेले. त्यांना काय मिळालं, हे विचारू नका.

आता माझी फजिती सांगते. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला जुलाब लागले. मी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते. घरी सासूबाईंनी अख्खं पाकीट एका पेल्यात विरघळवलं. ‘पातळ कशाला, जरा जोर यायला हवा पोराला.’ मी आले तेव्हा निम्मा पेला संपला होता. कैरी आठवा! दाट पाणी आतड्यात गेलं की अंगातलं पाणी तिकडे ओढलं जातं. जुलाब वाढले, रात्र जागून काढली. चूक त्यांची नव्हतीच; पाकीट आणून देताना मी एक वाक्य बोलायला हवं होतं. याच कारणानं जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ साली मूळचं मिश्रण सौम्य केलं, परासरणाचं, म्हणजे पाणी ओढून घेण्याच्या ताकदीचं, माप ३११वरून २४५वर आणलं. दुकानात खोक्यातून मिळणारी गोड पेयं ‘ओआरएस’ नावानं खपत होती, त्यांत साखर कितीतरी जास्त. २०२५च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, अशा पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. उशीर झाला, पण झालं.

एक चिठ्ठी आली आहे: ‘मला मधुमेह आहे, मी हे प्यायचं का?’ जुलाब लागले असतील तर हो. लिटरमध्ये तीन चमचे साखर आहे, आणि त्या वेळी पाणी जाण्याचा धोका त्या साखरेहून मोठा. मात्र नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली गोळी चालू आहे का ते बघा. ती मूत्रपिंडातलं एसजीएलटी-२ बंद करते, म्हणजे आपल्या पहिल्या दाराचं चुलत भावंड, आणि साखर लघवीवाटे जाऊ देते. साखरेमागे पाणीही जातं. त्यात जुलाब-उलट्या झाल्या तर दोन्हीकडून गळती. तेव्हा पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.