सात दिवसांचे गुरुजी

[दृश्य : पहाटेचा अंधार. कारखान्याच्या फाटकाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग.]

गाळप सुरू झालं की सोलापूर जिल्ह्यात कारखान्यांच्या आसपास माळावर वस्त्या उठतात. बीडकडून, मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेली ऊसतोड कुटुंबं. बांबू, पाचट, ताडपत्री, झाली कोपी. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते, त्यामुळे उजाडायच्या आत दोघंही फडात. कोपीवर उरतात पोरं. धाकट्याला राखायला थोरली बहीण, आणि थोरली म्हणजे चौथीतली.

[दृश्य : जिल्हा परिषदेची शाळा. सतरंज्या, पिशव्या, कॉलेजची मुलं.]

नेमक्या याच थंडीच्या दिवसांत बऱ्याच कॉलेजांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं असतात. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झालेली ही योजना. सात दिवस गावात मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान. या शिबिरातल्या मुलांनी ठरवलंय, यंदा कोपीवरच्या पोरांना शिकवायचं.

पहिला दिवस रंगात जातो. म्हणजे खऱ्याच रंगात. व्हरांड्याच्या भिंतीवर वाघ, फुलपाखरू, बाराखडी. फोटो झकास येतात. वाघाचं तोंड जरा मांजराकडे झुकलंय, पण पोरं खूश आहेत. पोरांच्या अभ्यासाला मात्र अजून कुणी हात लावलेला नाही.

दुसऱ्या दिवशी वजाबाकी. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा फळ्यासमोर उभा आहे. बावन्नातून सत्तावीस. हातचा कुठून घ्यायचा, त्याला कळत नाही. शिकवणारी ताई तीनदा समजावते आणि थकते. मागून शाळेच्या बाई त्याला विचारतात, "काल वाढे किती पेंड्या होते? विकल्या किती?" आता तो बोटंही न मोजता उत्तर देतो. उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, चाऱ्यासाठी विकायचे, सुटे पैसे परत द्यायचे, हा हिशेब तो रोज करतो. अडतं ते कागदावर. पुढचा तासभर फळ्यावर फक्त पेंड्या आणि रुपये. सत्तावीस विकल्या तर उरल्या किती, हे तो आता हातचा घेऊन लिहून दाखवतो. आठवड्यातला सगळ्यात चांगला तास हाच, असं आमचं मत.

[दृश्य : डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं जुनं छायाचित्र.]

सेवेसाठी परमुलखात जाण्याची गोष्ट सोलापूरला नवी नाही. १९१० साली इथे जन्मलेले डॉ. कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले. तिथली भाषा शिकले, त्याच भाषेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू लागले. बाकीचे चौघे पुढे मायदेशी आले. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. शिबिरार्थींकडून कुणी एवढी अपेक्षा करणार नाही. पण समोरच्याची भाषा आधी शिकावी, एवढं तर सात दिवसांतही जमतं. वाढ्याच्या पेंडीनं तेच केलं.

[दृश्य : संध्याकाळ. कोप्यांसमोर चुली पेटलेल्या.]

शेवटचे दोन दिवस बाईंनी कामच बदललं. शिकवणं बंद, याद्या सुरू. फडातून माणसं परतली की मुलं-मुली जोडीनं कोपी-कोपी फिरतात. पोराचं नाव काय, गावची शाळा कुठली, कितवीत होता. एक आई विचारते, "दाखला न्हाई आणला, मग?" नसला तरी चालतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, असं कायदा सांगतो. तो कोपीपर्यंत चालत येत नाही, एवढीच अडचण. बाई वर्ग सांभाळून दिवेलागणीला एवढ्या वस्त्या कशा फिरणार? इथे वीस-बावीस वर्षांचे पाय कामाला येतात. भिंतीवरच्या वाघाहून ही यादी कितीतरी मोलाची, कारण तिच्यावरून पोरं उद्या हजेरीपटावर येतील आणि त्यांना पोषण आहार मिळेल.

यादीत धाकट्यांना राखणाऱ्या थोरल्या बहिणी आहेत. त्या शाळेत आल्या तर कडेवरच्याचं काय? बाई म्हणतात, घेऊन या. वर्गात रडलं तर रडलं.

समारोपाला सरपंच येतात, हार-तुरे होतात. कार्यक्रम अधिकारी सांगतात, शिबिर संपलं तरी स्वयंसेवकाला वर्षाला सेवेचे १२० तास भरायचे असतातच. बाई लगेच वही काढतात.

"तास भरायचेच आहेत ना? मग रविवारी या की इकडं. कारखाना मार्चपर्यंत चालतोय. कोण कोण येणार, नाव लिहा. फोन नंबरपण."